स्वतःचेच शुक्राणू, पण शरीराला परके!

आजची गोष्ट सुरू होते गिनी पिगपासून. साल १९००. मेटलनिकॉफ नावाच्या एका रशियन संशोधकाने गिनी पिगला गिनी पिगचेच शुक्राणू टोचले. आणि झालं काय, तर त्या नराच्या रक्तात स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्धच्या अँटिबॉडी तयार झाल्या! त्याच सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख सांगत होते की शरीर स्वतःवर हल्ला करणं टाळतं. एर्लिख मोठे, त्यांचा शब्द मोठा. त्यामुळे ही गिनी पिगची गोष्ट बराच काळ कोपऱ्यात पडून राहिली, असं माझं मत आहे.

आता जरा विचार करा. आपल्या टी पेशी ‘आपलं कोण, परकं कोण’ हे शिकतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत, आणि यातलं बरंचसं शिक्षण अगदी लहानपणी होतं. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर. म्हणजे वर्ग भरला तेव्हा हा विद्यार्थी जन्मलाच नव्हता! मग ओळख पटणार कशी? एक बंदोबस्त म्हणजे वृषणातली ‘भिंत’. ही भिंत वाढत्या शुक्राणूंना रक्तापासून वेगळं ठेवते.

दुसऱ्या बंदोबस्ताचा धागा सापडला फिनलंडमध्ये. तिथे ‘एपेसेड’ नावाचा दुर्मिळ आनुवंशिक आजार इतर देशांच्या मानाने जास्त दिसतो. लहानपणी तोंडात बुरशीचा संसर्ग, मग रक्तातलं कॅल्शियम घसरतं, मग अॅड्रिनल ग्रंथी बंद पडतात. शरीर आपलेच अवयव एकेक करून खात सुटतं. १९९० मध्ये पेर्हेनतुपा आणि सहकाऱ्यांनी ६८ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या वयात आलेल्या मुली-बायकांपैकी ६० टक्क्यांच्या अंडाशयांनी काम सोडलं होतं, तर पुरुषांत वृषण निकामी झालेले फक्त १४ टक्के. हा फरक मला फार बोलका वाटतो. कदाचित ती भिंत इथे कामी आली असेल.

१९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी या आजारामागचा जीन शोधला, २१व्या गुणसूत्रावर. नाव दिलं ‘आयर’, म्हणजे ऑटोइम्यून रेग्युलेटर. २००२ मध्ये डायान मॅथिस आणि क्रिस्टोफ बेनोइस्ट यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलं की आयर थायमसमध्ये एक अजब काम करतो. इन्सुलिनसारख्या, खरं तर दुसऱ्याच अवयवांच्या प्रथिनांचे नमुने तो तिथे तयार करवतो. त्या नमुन्यांवर तुटून पडणाऱ्या टी पेशी तिथेच संपवल्या जातात.

इथवर ठीक. पण आयर वृषणातही सापडला, थेट बीजपेशींमध्ये! प्रतिकारशक्तीच्या शिक्षकाचं तिथे काय काम? २००८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासाने उत्तर सुचवलं. पिल्लू लहान असताना वृषणातल्या बऱ्याच बीजपेशी ठरल्याप्रमाणे मरतात. शेतात रोपांची विरळणी करतात ना, तसंच. आयर नसलेल्या उंदरांत ही विरळणी कमी झाली, आणि मोठेपणी मात्र इकडे तिकडे पेशी मरण्याचं प्रमाण वाढलं. अभ्यासकांचा अंदाज असा की आयरमुळे सदोष बीजपेशी वेळीच गाळल्या जातात आणि पुढच्या पिढीला जाणारा वारसा नीट राहतो. थायमसमध्येही मरण घडवायचं, इथेही मरण घडवायचं. फक्त थायमसमध्ये मरतात टी पेशी, इथे बीजपेशी.

आणि २०१५ मध्ये आणखी एक धागा मिळाला. एपेसेडच्या पुरुष रुग्णांच्या रक्तात टीजीएम४ या प्रोस्टेटच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. हे प्रथिन वीर्यात उतरतं. लहान मुलांत त्या अँटिबॉडी नव्हत्या, वयात आल्यावर दिसू लागल्या. आयर नसलेल्या नर उंदरांच्या प्रोस्टेटलाही सूज आली. म्हणजे अशा पुरुषाला मूल होत नसेल, तर नुसते वृषण तपासून भागत नाही, प्रोस्टेटकडेही बघावं लागतं.