तेरचे संग्रहालय आणि तगरचा बाजार

पुण्यात इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे कागद उभा राहतो. दप्तरे, रुमाल, बखरी, खलिते. १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले त्याच्याही आधीपासून, कागद वाचावा आणि मग इतिहास सांगावा, ही आपली रीत आहे. रीत चांगलीच आहे. परंतु ज्या गावाचे दप्तर एका कपट्यापुरतेही उरलेले नाही, त्या गावाने आपला इतिहास कोणत्या तोंडाने सांगावा? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी गेलो आणि तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहून आलो. आज बोलावयाचे आहे ते त्या भेटीविषयी.

तेर हे तेरणा नदीच्या काठचे गाव. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक. गोऱ्या कुंभाराची समाधी तेथेच आहे, आणि गावात कोणीही त्यांना नुसते ‘गोरा कुंभार’ म्हणत नाही. काका म्हटल्यावाचून नाव पुरे होत नाही. यात्रेकरू समाधीचे दर्शन घेतात आणि परत फिरतात. याच मातीखाली दोन हजार वर्षांपूर्वीचे एक मोठे व्यापारी शहर आहे, याची वार्ता फार थोड्यांना असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिचे नाव ‘पेरिप्लस’. लिहिणाराचे नाव आपणांस ठाऊक नाही. दक्षिणापथातील बाजारपेठांपैकी दोन त्याला विशेष महत्त्वाच्या वाटल्या. पहिली पैठण, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांवर. आणि ही नगरी फार मोठी आहे असे तो सांगतो. पैठणहून अकीक येई. तगरहून येई ते कापड: जाडेभरडे पुष्कळ, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल. हा सगळा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात उतरे. महिनाभर चालणाऱ्या बैलांच्या मानेवर त्या काळचा परदेशी व्यापार उभा होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

पुढे तगर शहर मोडले, पण नाव मोडले नाही. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरास राज्य करीत असताही ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे गाव हातात नाही, बिरुद मात्र आहे! हे तगर नेमके कोठे, यावर गेल्या शतकापूर्वीच्या पंडितांत बराच काथ्याकूट झाला. कोणी देवगिरी म्हटले, पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटले, डॉ. भांडारकरांना धारूर वाटले. जुन्नरचा मान गेला याचे आम्हां पुणेकरांना किंचित दुःख होणे साहजिक आहे. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे दाखवून दिले आणि वाद बहुतेक मिटला. लगोलग हेन्री कझिन्स यांनी गावातील त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर पाहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पण विद्वान येतात आणि जातात. गावात राहतो तो गावकरी. तेरच्या भोवती जुन्या वस्तीची टेकाडे आहेत, आपण जिला पांढरी म्हणतो ती. मराठवाड्यात पांढरीची माती धाब्याच्या घरावर घालण्यास लोक नेतात, शेतातही टाकतात. पाऊस पडून पांढरी धुपली की मणी, नाणी, मातीची चित्रे उघडी पडतात. रामलिंगप्पा लामतुरे हे गावचे व्यापारी. त्यांनी या वस्तू वेचण्याचा आणि लोकांकडून मिळविण्याचा छंद घेतला. छंद हा शब्द तोकडाच आहे, कारण त्यांच्या हयातीत हजारो वस्तू जमल्या आणि त्यांच्यावर १९६० साली डग्लस बॅरेट यांनी ‘तेर’ या नावाचे पुस्तक लिहिले. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला, आणि संग्रहालयास त्यांचे नाव राहिले.

संग्रहालय मोठे नाही. मुंबईच्या संग्रहालयाची सवय असलेल्या माणसास ते तासाभरात पाहून होईल. आमचे झाले नाही. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या पोकळ मूर्ती तेथे आहेत. त्यांचे केशविन्यास आणि अलंकार पाहातच राहावे असे. मणी तर किती! उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा, हजाराहून अधिक पावसाळे काढलेली, येथेच सांभाळली आहे. आणि या संग्रहातील सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे एक छोटी हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. इटलीतील पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली अशाच घाटाची भारतीय हस्तिदंती स्त्री मिळाली. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही तसलीच प्रतिमा सापडली. पाँपेईची ती बाई भोकरदन-तेरच्या बाजूची असावी, असे मत त्यावरून पुढे आले.

येथे एक आक्षेप सांगितला पाहिजे. पुराणवस्तुशास्त्रात वस्तूइतकेच महत्त्व ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली याला असते. वेचून आणलेल्या वस्तूचा थर गेला तो गेलाच. मग तिचे वय घाटावरून अंदाजाने ठरवावे लागते. आक्षेप खरा आहे. परंतु पांढरी गाड्या भरभरून चालली असता शास्त्राची वाट पाहात बसणे लामतुरे यांना शक्य नव्हते. त्यांनी थर गमावला, वस्तू वाचविली. आमच्या मते हा सौदा त्यांनी योग्य केला. चापेकरांनी १९५८ साली तेर येथे उत्खनन करून त्याचा वृत्तांत १९६९ साली आपल्या पुण्यातूनच प्रसिद्ध केला, तेव्हा थर लावून पाहणे शक्य झाले. खापरावरून काळ ओळखणारे हे शास्त्र तेरला गेले हेही छानच. थापटण्याने मडके वाजवून कच्चे की पक्के हे सांगणाऱ्या संताचेच ते गाव!

सगळे पाहून झाल्यावर आम्हांस एक चुकल्यासारखे वाटले, आणि काय चुकते ते कळावयास थोडा वेळ लागला. या कपाटांत कापड नाही. मूर्ती आहेत, मणी आहेत, खापरे आहेत. पण ज्या मालासाठी परदेशी व्यापाऱ्याने तगरचे नाव लिहून ठेवले, त्याचा धागादेखील नाही. असणार तरी कसा? चांगले होते ते विकले गेले, उरले ते आपल्या पावसात कुजले. ते विणणारे कोष्टी, गाड्या हाकणारे गाडीवान, यांचे नाव कोणत्या ताम्रपटात नाही आणि त्यांच्या हातचे कामही नाही. बिरुदे मिरवणाऱ्या राजांचे मात्र सारे शाबूत आहे.

कापडाचा माग लागतो तो पार दुसऱ्या टोकाला. लाल समुद्रावरील मिसरचे बेरेनिके बंदर १९९४ पासून खणले जाऊ लागले. तेथील उकिरड्यांत, कोरड्या वाळूमुळे, सुती कापडाचे तुकडे टिकले आहेत, काही ठशांचे आणि रंगविलेले. पुष्कळ तुकडे पेरिप्लसनंतर काहीशे वर्षांचे आहेत, आणि त्यांतला एखादा तेरचा असे म्हणण्यास काही आधार नाही. पण ते भारतातून आलेले हे ओळखले कशावरून, तर सुताच्या पिळावरून. मिसरची कातणारीण सूत एका बाजूला पिळी, आपल्याकडची दुसऱ्या.