पाणी कोणाचे, मसलत कोणाशी?

'मसलत' हा आपला रोजचा मराठी शब्द अरबीतल्या 'मस्लहत'वरून आला. मूळ अर्थ हित. मराठीत तो झाला सल्ला, विचारविनिमय. ज्यांच्या हिताचा प्रश्न आहे त्यांना आधी विचारावे, एवढीच लोकशाहीची अपेक्षा असते. आपल्या भागात ती किती पाळली गेली?

1921 मध्ये टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीच्या मावळ्यांची शेते बुडणार होती. जमीन 1894च्या भूसंपादन कायद्याने घेतली जात होती. त्यात मालकाची संमती लागतच नसे. 16 एप्रिलला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो नेला. 1924पर्यंत लढा चालला, तरी धरण झालेच.

नव्वद वर्षांनी प्रश्न पवनेचा आला. धरणातून सोडलेले पाणी नदीने रावेतपर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवड ते उचलते. महापालिकेला थेट धरणातून बंद नळाने पाणी हवे होते. नदीतले पाणी घटले तर आमच्या मोटारी कशा चालणार, हा मावळच्या शेतकऱ्यांचा सवाल होता. 9 ऑगस्ट 2011ला, क्रांतिदिनीच, बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार झाला. तिघे गेले, त्यांत एक बाई होती. त्यानंतर योजनेला स्थगिती मिळाली. शहराची तहान खरी होती आणि गावाची भीतीही खरी होती. दोघांना समोरासमोर बसवणारी बैठक गोळीबाराआधी व्हायला हवी होती.

जनसुनावणी कायद्यात आली ती 1997मध्ये. मात्र 2006च्या पर्यावरण अधिसूचनेने मंजूर औद्योगिक वसाहतींतल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट दिली. चाकणसारख्या पट्ट्यातल्या गावांना याचा अर्थ नीट कळायला हवा. जानेवारी 2020मध्ये तेल आणि वायूच्या शोधासाठी होणारे खोदकामही सुनावणीतून वगळले गेले. फ्रॅकिंगमध्ये पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने खडकात सोडतात. परदेशात त्यावर गावोगाव वाद झाले आणि फ्रान्सने 2011मध्ये त्यावर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र शोधाच्या पायरीवर विचारण्याची गरजच उरली नाही.

जिथे सुनावणी होते, तिथे निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो आणि हरकत लेखी देता येते. ती सूचना वाचा, सारांश मागा, मोहल्ल्यात आणि पारावर वाचून दाखवा. नळाचे पाणी पिताना आपण हिंदू-मुसलमान नसतो. हरकत नोंदवतानाही नसावे.