२६ सप्टेंबर १९९९ : दहा षटके, सहा धावा, पाच बळी

गदगचे डावखुरे फिरकीपटू सुनील जोशी यांनी या दिवशी नैरोबीतल्या एकदिवसीय सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजीची दाणादाण उडवली. १० षटके, त्यातली ६ निर्धाव, ६ धावा, ५ बळी! समोर फिरकी खेळता न येणारा कच्चा संघ नव्हता, हे विसरू नये. दक्षिण आफ्रिका ११७ धावांत गारद झाली आणि भारत ८ गडी राखून जिंकला.

शाळकरी वयात जोशी पहाटे गदगहून हुबळीला सरावासाठी येत आणि शाळेच्या वेळेपर्यंत परतत. १९९५-९६च्या रणजी मोसमात त्यांनी कर्नाटकासाठी ५०० हून अधिक धावा आणि ५० हून अधिक बळी अशी दुर्मीळ कामगिरी केली. अशा गोलंदाजाला कसोटी सामने मात्र १५च मिळाले.