कूर्चासूचके, रक्तातील

सांध्यातील कूर्चेची मोडतोड आणि नवी बांधणी यांचा माग घेण्यासाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या रेणूंना कूर्चासूचके म्हणतात. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा विकार, हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य क्षेत्र आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणून ती झिजू लागली तरी आरंभी दुखत नाही. दुखणे जाणवते ते लगतचे हाड आणि सांध्याचे अस्तर यांना झळ पोहोचल्यावर. क्ष-किरण चित्रात तर कूर्चा उमटतच नाही, दिसते ती हाडांमधली अरुंद झालेली फट. केल्ग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेली ० ते ४ ही श्रेणी आजही वापरतात, पण तिच्यात झीज ठळक दिसेपर्यंत बरीच कूर्चा गेलेली असते. हा उशीर टाळता यावा, यासाठी रक्ताकडे पाहिले जाते.

पाणी वगळता कूर्चेत मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन आणि ॲग्रिकन असते. विकरे त्यांचे तुकडे करतात. ते आधी सांध्यातील द्रवात येतात आणि पुढे रक्तात मिसळतात. कोलॅजेनचा ‘सीटीएक्स-२’ हा बहुचर्चित तुकडा मात्र प्रामुख्याने लघवीत मोजतात.

रक्तातील सूचकांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला तो ‘कॉम्प’ या प्रथिनाचा. स्वीडनमधील लुंड येथे डिक हाइनेगोर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याचे वर्णन केले. याच्या पाच सारख्या साखळ्या एका टोकाशी जोडलेल्या असतात आणि मोकळी टोके कोलॅजेनला धरतात. तेव्हा ते फक्त कूर्चेत सापडते असे वाटले होते. पुढे स्नायुबंध आणि सांध्याचे अस्तर यांतही ते आढळले. त्याच्या जनुकातील दोषामुळे स्यूडोअकॉन्ड्रोप्लेझिया हा खुजेपणाचा आनुवंशिक विकार होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. मात्र कूर्चेच्या घडणीत या प्रथिनाचे स्थान किती मोलाचे आहे, हे एवढ्यावरून ठरत नाही.

झीज झालेल्यांच्या गटात कॉम्पची सरासरी पातळी निरोगी गटापेक्षा जास्त भरते. पण दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका माणसाच्या अहवालावरून त्याचा गुडघा झिजला की नाही, हे सांगता येत नाही. शिवाय अर्धा तास चालले तरी पातळी वाढते आणि रात्रीच्या विश्रांतीत उतरते. मॅरेथॉन धावल्यावर ती चांगलीच चढते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. म्हणजे रक्त कधी घेतले, त्याआधी माणूस किती हिंडला, हे नोंदवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. हायलुरोनिक आम्ल या दुसऱ्या सूचकाचीही अशीच अडचण: यकृताच्या सिरोसिसमध्ये ते रक्तात साठते, मग गुडघा कितीही ठणठणीत असो. त्यातून एकाच नमुन्यात बोटे, मणके, खुबे, गुडघे अशा सर्व सांध्यांचे तुकडे एकत्र येतात.

म्हणून संशोधन आता एका रेणूऐवजी अनेकांच्या संचाकडे वळले आहे. आइसलँडमधील मोठ्या प्रथिन-पाहणीत २०२१ साली ‘सीआरटॅक-१’ हे प्रथिन या विकाराशी ठळकपणे जोडलेले दिसले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील व्हर्जिनिया क्राउस यांच्या गटाने लंडनमधील चिंगफर्ड पाहणीतल्या २०० स्त्रियांचे साठवलेले रक्त तपासले. त्यांपैकी निम्म्यांना पुढे गुडघ्याची झीज झाली होती. सहा पेप्टाइडांच्या संचाने क्ष-किरण चित्रात खूण उमटण्याच्या आठ वर्षे आधीपर्यंत या दोन गटांत फरक दाखवला. हा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आशादायक आहे. मात्र त्या सर्व स्त्रिया गौरवर्णी होत्या. पुरुषांत आणि इतर समाजांत पडताळा झाल्याखेरीज तो सर्वांना लागू मानणे घाईचे ठरेल.

आपल्याकडे ‘संधिवाताच्या तपासण्या’ म्हणून आरए फॅक्टर, युरिक ॲसिड, सीआरपी करून घेतात. त्या आमवात, गाउट, दाह यांच्यासाठी आहेत. कूर्चा किती उरली हे त्यांतून कळत नाही. झिजेच्या निदानासाठी रक्ततपासणी सहसा लागतही नाही. वय ४५ किंवा अधिक, हालचालीशी निगडित दुखणे, आणि सकाळचा ताठरपणा नसणे किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणे, एवढ्यावर डॉक्टर हे निदान करू शकतात, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे.