दुष्काळ, प्लेग आणि हिब्रूचा अभ्यास: पंडिता रमाबाईंनी केडगावात काय उभं केलं?

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. त्याच आवारात पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. बाहेर दुष्काळ आणि साथी असताना हा अभ्यास कशासाठी?

त्याचं उत्तर रमाबाईंच्या बालपणात सापडतं. त्यांचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिलं. घर पुराणं सांगत तीर्थयात्रा करणारं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. पुढे 1897 मध्ये या दिवसांबद्दल लिहिताना रमाबाईंनी एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली आहे: भीक मागायला किंवा अंगमेहनतीचं काम करायला घरच्यांना कमीपणा वाटत होता आणि पोट भरण्याची दुसरी विद्या कुणाकडे नव्हती. हजारो श्लोक पाठ होते, पण हाताला काम येत नव्हतं.

म्हणजे ज्ञानाची ओढ त्यांना ख्रिस्ती धर्माने दिली, असं म्हणता येत नाही. 1878 मध्ये कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तेव्हा बाप्तिस्मा पाच वर्षं दूर होता. बदललं ते हे, की ज्ञान कुणासाठी आणि कष्टांची किंमत काय. इंग्लंडमध्ये वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहताना समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी चाललेलं त्यांचं काम रमाबाईंनी पाहिलं आणि त्या हलून गेल्या. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी त्या कुणाच्या हुकमात राहिल्या नाहीत. धर्ममतांवरून त्याच भगिनींशी पत्रांतून वाद घातले.

ख्रिस्ती परंपरेत हाताच्या कामाला मान आहे. येशू सुताराच्या घरात वाढला, पौल तंबू शिवून पोट भरायचा. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत मठवासीयांच्या दिवसात अंगमेहनत आणि वाचन, दोन्हींचे तास ठरलेले आहेत. डोंगरे कुटुंबात जे दोन टोकांना होतं, ते इथे एकाच दिवसात बसत होतं.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली व विधवांना वाचवायचं ठरवून कामाला लागल्या. पण पुण्यात प्लेग होता, निर्बंध कडक होते. म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवलं. सुरुवातीला तंबू आणि झोपड्याच होत्या. 1900 च्या दुष्काळानंतर आश्रमाची संख्या 2000 च्या घरात गेली.

एवढ्यांना नुसतं जेवू घालणंही अवघड होतं. रमाबाईंनी लिहिणं-वाचणं आणि काम एकत्र ठेवलं. शेती, दुभती जनावरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना. अंध मुलींना त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकवायची. मदतीवर जगणारी बाई मदत थांबली की पुन्हा रस्त्यावर येते, हे रमाबाईंनी घरच्याच अनुभवातून ओळखलं होतं.

यावर आक्षेपही होते आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. विधवांसाठी 1889 मध्ये काढलेलं शारदा सदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील, असं सांगितलं होतं. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या कारणाने वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. मुक्ती मिशन तर उघडच ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीला आसरा देणाऱ्याने तिला आपला धर्मही द्यावा का, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. पण तेव्हा त्या मुलींना शाळा आणि धंदाशिक्षण दोन्ही देणाऱ्या जागा फार थोड्या होत्या, हेही खरं.

बायबलचं भाषांतर याच कामाचा भाग होता. उपलब्ध मराठी बायबलमधली संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, असं त्यांचं मत होतं. स्वतः संस्कृत पंडिता असून त्यांनी ते शब्द टाळायचं ठरवलं! आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं यात गेली. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली, तरी काम चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये छापून झाला. मराठी चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचंच भाषांतर रुळलं. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.