अनुमस्तिष्कातील चेतापेशी : विकास व जीवनधारणा

अनुमस्तिष्क हा कवटीच्या मागील बाजूस, प्रमस्तिष्काच्या खाली असलेला मेंदूचा भाग. शरीराचा तोल सांभाळणे, हालचालींचा मेळ घालणे व सरावाने येणारी कौशल्ये पक्की करणे ही त्याची मुख्य कार्ये. वस्तुमानाने तो मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा असला, तरी मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज त्यात असतात. त्यांतील बहुसंख्य पेशी अतिसूक्ष्म कणिकापेशी होत. त्यांच्या तुलनेत संख्येने थोड्या, पण मोठ्या व दाट फांद्यांच्या पुर्किन्ये पेशींचे वर्णन चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये केले.

उगम : भ्रूणात या पेशी दोन वेगळ्या जननक्षेत्रांत तयार होतात. चौथ्या मस्तिष्कविवराच्या अस्तरातून पुर्किन्ये पेशी व इतर निरोधी पेशी, तर त्यालगतच्या काठातून कणिकापेशींच्या पूर्वपेशी निघतात. पहिल्या क्षेत्राची ओळख ‘पीटीएफ१ए’ या जनुकामुळे, तर दुसऱ्याची ‘एटोह१’ या जनुकामुळे ठरते. पूर्वपेशी अनुमस्तिष्काच्या पृष्ठभागावर पसरून बाह्य कणिकास्तर बनवतात आणि तेथे वेगाने विभागत राहतात. उंदरात हा स्तर जन्मानंतर सुमारे तीन आठवड्यांत नाहीसा होतो. मानवात तो जन्मानंतरही काही महिने टिकतो. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे अनुमस्तिष्क इजेला विशेष बळी पडते.

वाढ व स्थलांतर : विभाजनाचा आदेश पुर्किन्ये पेशींकडून येतो. त्या ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन स्रवतात, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. विभाजन थांबलेल्या कणिकापेशी बर्गमन आधारपेशींच्या तंतूंना धरून आत उतरतात व आंतर कणिकास्तरात स्थिरावतात. पास्को राकिच यांनी १९७१ मध्ये माकडांतील हे स्थलांतर वर्णिले.

जीवनधारणा : जन्मलेल्या सर्व पेशी जगत नाहीत. योग्य जोडणी न मिळालेल्या पेशी नियोजित पेशीमृत्यूने नष्ट होतात. बीडीएनएफसारखे पोषक घटक आणि येणाऱ्या तंतूंकडून मिळणारे उद्दीपन कणिकापेशींना तगवतात. प्रयोगशाळेतील संवर्धनात पोटॅशियमचे प्रमाण वाढवून त्यांचे विध्रुवीकरण केल्यास कॅल्शियम आत शिरते व त्या जगतात. पोटॅशियम कमी करताच बहुतेक मरतात. ‘लर्चर’ उंदरात आधी पुर्किन्ये पेशी जनुकीय दोषाने मरतात आणि त्यामागोमाग, स्वतःत तो दोष कार्यरत नसूनही, कणिकापेशी नष्ट होतात. अनुमस्तिष्कातील पेशींची संख्या परस्परावलंबनातून ठरते, याचा हा ठळक पुरावा होय.

विकार : हे संतुलन दोन्ही दिशांनी ढळू शकते. पुर्किन्ये पेशींच्या ऱ्हासामुळे अनेक आनुवंशिक असमन्वय विकारांत चाल अडखळते व उच्चार अस्पष्ट होतात. उलट, हेजहॉग संदेशाला आवर घालणारे ‘पीटीसीएच१’ जनुक बिघडल्यास पूर्वपेशी विभागतच राहतात व मेड्युलोब्लास्टोमा हा मुलांतील कर्करोग उद्भवू शकतो. हा संदेश रोखणारी औषधे उपलब्ध आहेत. मात्र वाढत्या हाडांनाही तोच संदेश लागत असल्याने लहान मुलांची उंची कायमची खुंटण्याचा धोका असतो. त्यामुळे सामान्य विकासाचे सूक्ष्म ज्ञान उपचारांसाठी अत्यावश्यक ठरते.