काथ, कोळसा आणि कारागिराची जडता

खेड्यातील कारागीर नवे तंत्र का स्वीकारत नाही, या प्रश्नाला मराठी वैचारिक गद्यात एक ठरीव उत्तर आहे: तो रूढीला चिकटून राहतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने या उत्तराला सर्वांत समर्थ रूप दिले. बलुते वंशपरंपरेने मिळते, काम वाईट झाले तरी गिऱ्हाईक सुटत नाही, मग कारूने कसब वाढवावे कशासाठी, असा आत्रे यांचा रोख आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथाही याच अर्थाने सांगितली जाते. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर बराच काळ विकले गेले नाहीत. या दोन साक्षी एकत्र केल्या की खटला संपतो आणि जडतेचा आरोप सिद्ध होतो. ग्रामीण साहित्य वाचताना व शिकवताना आपणही हा निकाल नकळत गृहीत धरतो.

हे उत्तर खोटे आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ते अपुरे आहे, आणि ते किती अपुरे आहे हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे कळते. येथे देशावरचा गावगाडा त्याच्या पूर्ण रूपात नव्हताच. येथील वस्ती पाड्यांची. लोकांत ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी मोठ्या संख्येने. बलुतेदारांच्या कोणत्याही यादीत कातकऱ्यांचे नाव सापडणार नाही. तरीही ही जमात एका कारागिरीच्याच नावाने ओळखली जाते. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. रेव्हरंड जॉन विल्सन यांनी वारली आणि काथोडी यांच्याविषयीचे आपले टिपण १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले, तेव्हा हा उद्योग जिवंत होता.

काथ काढण्याची रीत दिसायला साधी आहे. खैराच्या गाभ्याचे बारीक तुकडे करावयाचे, ते मातीच्या भांड्यांत पाणी घालून उकळावयाचे, अर्क गाळून पुन्हा आटवावयाचा आणि दाट झाला की निववून वड्या पाडावयाच्या. बाजारात लोखंडी कढया मिळू लागल्यानंतरही कोणी मातीचेच भांडे वापरीत राहिला, तर दुरून पाहणारा त्याला सहज मागासलेला ठरवील. परंतु काथात टॅनिन असते, आणि टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की रस काळा पडतो. काळवंडलेल्या काथाला विड्याच्या बाजारात किंमत नाही. जी जडता वाटली ती रसायनाची जाण होती. ती सूत्रात मांडलेली नव्हती, हाताने हाताला दिलेली होती. नव्या साधनाला दिलेला प्रत्येक नकार अज्ञानातूनच येतो, हे गृहीतक येथेच पहिल्यांदा डळमळते.

दुसरे स्पष्टीकरण एकाकीपणाचे. डोंगरकपारीतल्या माणसापर्यंत नवे काही पोचतच नव्हते, असे सांगतात. मुरबाडच्या माथ्यावरचा नाणेघाट सातवाहनकाळापासून कोकण आणि देश यांना जोडीत आला आहे. म्हसे येथील पौषातल्या जत्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो आणि घोंगड्यांची विक्री होते. शहापूरच्या उशाशी असलेल्या आसनगावला आगगाडी १८६० मध्ये आली आणि १८६१ च्या आरंभी ती कसाऱ्यापर्यंत पोचली. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाऊ लागले. देशातील सर्वांत आधुनिक वाहतूक आणि पाणीपुरवठ्याचे मोठे बांधकाम या रानातून गेले. तेव्हा तंत्रज्ञान येथे आलेच नाही असे म्हणता येणार नाही. ते येथील पाणी, लाकूड आणि माणसे नेण्यासाठी आले.

मग काथाच्या धंद्याचे काय झाले? १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित जंगले निर्माण झाली. परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या बंधनांविरुद्ध एवढी ओरड झाली की, १८८५ मध्ये सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडण्याचा हक्क हा त्यातला एक मोठा वाद होता. पुढे १८९२ च्या कायद्याने याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्याच्या हातातील कच्चा मालच गुन्हा ठरतो, त्याने चुलीत वा भांड्यात सुधारणा कशाची करावयाची? काथाचा कारागीर हळूहळू ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्टीवरचा मजूर झाला. पुढे भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांनी त्याला ओढून घेतले.

येथे तिसरा आणि आमच्या मते सर्वांत खोल अडसर दिसतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून खावटी किंवा उचल घ्यावयाची आणि दिवाळीनंतर ती अंगमेहनतीने फेडावयाची, असा हा व्यवहार. वेठबिगार कायद्याने १९७६ मध्ये रद्द झाली, पण उचल राहिली. भट्टीची रचना बदलून त्याच लाकडातून अधिक कोळसा निघाला, तर तो अधिकचा कोळसा मालकाचा. प्रयोग फसून भट्टी जळाली, तर त्याचा भार मात्र मजुराच्या हिशेबात चढण्याची भीती. लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची असेल, तेथे प्रयोग न करणे हाच शहाणपणा. किर्लोस्करांच्या नांगराची कथाही या प्रकाशात पुन्हा वाचावी. नव्या अवजाराने एक हंगाम बुडाला तर कर्ज कोणाच्या डोक्यावर बसणार होते, हे शेतकऱ्याला ठाऊक होते. जमीन नासण्याची समजूत ही त्या भीतीने घेतलेली भाषा असू शकेल.

काथाच्या तंत्रात सुधारणा झालीच नाही असेही नाही. ती दुसरीकडे झाली. बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९१९ मध्ये काथाचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे चिपळूण तालुक्यात सावर्ड्याच्या परिसरात काथाचे कारखाने आहेत. विद्या पुढे गेली. ज्यांच्या नावात ती विद्या होती ते लोक मागे राहिले. आज महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती शासनाच्या लेखी विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात.

अडसर माणसाच्या मनात कमी आणि मालकीच्या व्यवस्थेत अधिक होता, याचा उलट बाजूचा पुरावाही शहापुरातच मिळतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, मध, औषधी वनस्पती अशा गौण वनोपजावर आदिवासींचा मालकी हक्क मान्य केला. त्यानंतर २०२०-२१ च्या सुमारास शहापूरच्या वनधन केंद्रातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून, तिची पूड करून मोठ्या औषध कंपन्यांना विकल्याच्या वार्ता आल्या. या तरुणांना नव्या बाजारपेठेची भीती वाटली नाही. मालावरचा हक्क आणि नफ्यातला वाटा दिसताच त्यांनी नवी रीत उचलली. मात्र कायद्यातील गौण वनोपजाची व्याख्या लाकूड वगळूनच केलेली आहे. खैर हे लाकूड. म्हणून ज्याच्यावरून जमातीला नाव मिळाले ते झाड त्या हक्काच्या बाहेरच आहे.

यावरून जात आणि रूढी यांचा भार नव्हता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. कातकऱ्याच्या कसबाला कारागिरी न म्हणता रानटीपणा म्हणणे, हे जातीच्या दृष्टीचेच फळ आहे. आत्रे यांनी पाहिलेला कारू आणि शहापूरचा काथोडी यांत एक मूलभूत भेद आहे: पहिल्याला वतनाचे संरक्षण होते, दुसऱ्याला कोणतेच नव्हते. पहिल्याच्या जडतेचे निदान दुसऱ्याला लावणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. ‘गावगाडा’ अवश्य शिकवावा. पण त्याच्या पानांत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्याबद्दल बोलताना आधी विचारावे की, झाड कोणाचे होते, भट्टी कोणाची होती आणि उरलेला पैसा कोणाच्या घरी गेला. कारागिराच्या स्वभावाची चर्चा त्यानंतर करता येईल.